वरकस उतारावरचं रान : प्रकल्प नोंदी, २०२१ ते २०२५

१० जानेवारी २०२१

आज जमीन पहिल्यांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी फिरले. संगमेश्वर तालुक्यातली आमची साडेचार एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, मध्ये तांबड्या मातीचा ११० गुंठ्यांचा उतार, खाली पऱ्या, म्हणजे ओढा. सातबाऱ्यावर चुलत दादाचं आणि माझं नाव आहे. बाकीच्या हिस्सेदारांनी हक्कसोड दिली, त्यात दोन वर्षं गेली.

उतारावरचं रान २०१८ साली ठेकेदाराला उक्तं दिलं होतं. त्यानं करंगळीएवढी फांदीही शिल्लक ठेवली नाही, सगळं ट्रकात भरून घाटावर गेलं. आमच्याकडे दर आठ-दहा वर्षांनी हे होतच आलंय. मुंबईच्या भाऊबंदांना एकरकमी पैसे मिळतात आणि जमिनीकडे कुणाला बघावं लागत नाही. मीही तीस वर्षं मुंबईला होते, माझ्याही वाट्याला ते पैसे आलेत. हे लिहून ठेवायलाच हवं.

माझा बेत सांगितला: यंदा १००० देशी रोपं. दादा हसला नाही, पण थांबला. म्हणाला, "बाय, आधी खाली बघून चाल. किती झाडांवरून चाललीस ते मोज, मग रोपं आण."

२४ जानेवारी २०२१

दादाचं ऐकलं. उतारावर दोरीनं १० बाय १० मीटरचे दहा चौकोन आखले. असा एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्यामुळे दादालाही हिशोब तोंडी करता येतो. प्रत्येक चौकोनात फुटवे आलेले जिवंत खुंट मोजले. दहा गुंठ्यांत ६१ निघाले:

ऐन २३, किंजळ १६, असाणा ७, कुंभा ५, नाणा ५, जांभूळ ३, न ओळखलेले २.

म्हणजे अख्ख्या उतारावर साडेसहाशेहून जास्त झाडं आधीच उभी आहेत. मुळं पन्नास-साठ वर्षांची आणि अंगावर तीन वर्षांचे फुटवे. पिशवीतलं कुठलं रोप यांची बरोबरी करणार? एका खुंटाजवळ हातभर उकरून पाहिलं. मूळ माझ्या मनगटाहून जाड होतं आणि खाली जांभ्याच्या भेगेत शिरलेलं होतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जगायचं ते या भेगेतल्या ओलीवर.

यादीत जे सापडलं नाही ते जास्त बोलतंय. बेहडा नाही. सातवीण नाही. उंबर नाही, शिवण नाही, रिठा नाही. ऐन-किंजळ कितीही तोडा, खुंटातून परत फुटतात. बियांवर जगणाऱ्या झाडांना मात्र दर आठ-दहा वर्षांच्या तोडीत फळावर यायला वेळच मिळत नाही. आईचं झाड गेलं की बी येणार कुठून?

बेत बदलला. १००० नाही. जे आहे ते राखायचं आणि जे नाहीसं झालंय किंवा अगदी विरळ उरलंय तेवढंच लावायचं.

७ फेब्रुवारी २०२१

वणवा अडवायला जाळरेषा काढली. चारी बाजूंनी १५ फुटांचा पट्टा, गवत कापून आणि पाचोळा आत ओढून. पाच गडी, चार दिवस. वरच्या अंगाला, सड्याकडे, फक्त ८ फूट झाला, कारण पैसे संपले.

१८ मे २०२१

तौक्ते वादळ परवा किनाऱ्यालगत वर सरकलं. इथे घरांची कौलं गेली, वीज अजून नाही. पऱ्याकाठचं जुनं जांभूळ मुळासकट आडवं झालंय. लाकूड विकत घ्यायला संध्याकाळीच एकजण आला. नाही म्हटलं. ते पऱ्यात आडवं पडलंय तिथे पाणी अडून माती साठेल, आणि कुजत्या लाकडात जे जगतं तेही रानाचंच आहे.

४ जुलै २०२१

लागवड झाली, एकूण १४०. बेहडा ३०, जांभूळ ३५, शिवण २५, सातवीण २०, उंबर २०, रिठा १०.

रोपं मिळवायला दोन महिने फिरत होते. एका मोठ्या रोपवाटिकेत विचारलं तर पुढ्यात गिरिपुष्पाच्या हजार पिशव्या ठेवल्या. "लवकर हिरवं दिसतं" म्हणे. मध्य अमेरिकेतलं झाड. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. त्याच्या दाट राईत खाली काही उगवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शेवटी जांभळाची रोपं वाडीतल्या झाडांखालून उचलली, उंबराची विहिरींच्या कठड्यांतून आणि जुन्या भिंतींतून. बाकीची देवरूखच्या एका माणसानं दिली, तो स्वतः बिया गोळा करून रोपं करतो.

सगळी लागवड खुंटांमधल्या मोकळ्या जागांत केली. पऱ्याकाठी जांभूळ-उंबर, उतारावर बेहडा-शिवण. सड्यावर एकही नाही. भाचा फोनवर म्हणत होता, वरचा उघडा भाग का सोडलास? त्याला ऑगस्टमध्ये ये म्हटलंय. त्या दोन इंच मातीवर तेव्हा सीतेची आसवं आणि गेंद फुलतात आणि डबक्यांत बेडूक ओरडत असतात. सडा उघडा आहे म्हणून ओसाड नाही, तो तसाच असतो. तिथे खड्डे पाडून झाडं लावणं म्हणजे एक घर मोडून दुसरं बांधणं.

२६ जुलै २०२१

चार दिवसांपूर्वी चिपळूण बुडालं. इथेही २१ आणि २२ तारखेला पाऊस असा होता की पन्नास पावलांवरचा गोठा दिसत नव्हता. आज उतारावर जाऊन आले.

पलीकडच्या डोंगरावर दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून काजूसाठी पायऱ्या पाडल्या होत्या. तिथल्या तीन पायऱ्या खाली आल्यात, पऱ्या अजून लाल वाहतोय. आमच्याकडे माती सुटलेली दिसली नाही. खुंटांची मुळं जुनी आहेत आणि त्यांनी धरून ठेवलंय. आमची वाहून गेली ती ११ रोपं, सगळी पऱ्याकाठची. चूक माझी, पाण्याच्या फार जवळ लावली.

काजूवर माझा राग नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या तेव्हा कित्येक घरं त्यावर उभी राहिली, आमचंही एक. पण उभ्या उतारावरचं रान मुळासकट खणून काढून एकच झाड लावायचं, याची किंमत या आठवड्यात खालच्या वाडीनं भातशेतीवर चढलेल्या गाळात मोजली.

२१ नोव्हेंबर २०२१

फुटव्यांची विरळणी. एकेका खुंटाला आठ-दहा फुटवे आलेत, त्यातले जोरदार दोन ठेवायचे आणि बाकीचे काढायचे. कोयता तिरका मारायचा, म्हणजे कापावर पाणी साचून कूज शिरत नाही. दादा सकाळभर दाखवत होता, दुपारी मला जमलं.

याच दिवशी आमचा एक वाद मिटला. दादाला तरव्याच्या राबासाठी, म्हणजे भाताची रोपं पेरायच्या आधी जमीन भाजायला, दर उन्हाळ्यात कवळं (पानांच्या फांद्यांच्या मोळ्या) लागतात आणि ती ऐनाचीच लागतात. मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. आता ठरलं असं: विरळणीतले फुटवे सगळे त्याचे, आणि खालच्या बांधालगतचे ४० खुंट कवळासाठी वेगळे राखलेले. बाकीच्यांना हात लावायचा नाही. तो म्हणाला, "तू रान राखतेस, पण भात मलाच पेराचं हाय." बरोबरच आहे. शेतीला काहीच न देणारं रान इथे टिकणार नाही, ते पुन्हा ठेक्यात जाईल.

रानमोडीही उपटली, हे बाहेरून आलेलं, झपाट्यानं पसरणारं तण. बी धरायच्या आधी काढायची, आणि मुळासकट.

१६ मार्च २०२२

वणवा.

परवा दुपारी दोनच्या सुमारास सड्याच्या बाजूनं आला. शेजारच्या माळावर पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून कुणीतरी काडी लावली. असं करणारे वाईट नसतात, त्यांच्या आजोबांनीही तेच केलं. वारा फिरला. जिथे जाळरेषा ८ फुटांची होती नेमका तिथूनच आत शिरला. दादा, मी आणि वाडीतली सहा-सात मंडळी ओले टहाळे घेऊन झोडपत होतो. संध्याकाळी सहाला विझला तेव्हा उताराचा वरचा निम्मा भाग काळा झाला होता.

डिसेंबरमध्ये ११२ रोपं जिवंत होती. आज मोजवलं नाही. काठ्यांना बांधलेल्या खुणेच्या चिंध्यासुद्धा राहिल्या नाहीत.

जिथे रानमोडी राहिली होती तिथे आग डोक्याच्या वर गेली आणि तिथले फुटवे टोकापर्यंत करपले. जिथे नुसतं गवत होतं तिथे आग पायाशी धावून गेली. पुढच्या वर्षीची कामं मला आजच कळली: सड्याकडची रेषा २० फूट, आणि रानमोडी आधी.

वाडीत कुणाला बोलले नाही. रागानं बोलले असते तर पुढच्या वेळी विझवायला कुणी आलं नसतं.

१० जुलै २०२२

मोजणी. तेच दहा चौकोन.

६१ खुंटांपैकी ५७ परत फुटलेत. ऐनाची साल भेगाळलेली आणि जाड, कुंभ्याचीही जाड. आग वरचं नेते, बुंधा आणि मूळ राहतं. मार्चमध्ये मेलेला वाटलेला एक कुंभा आज गुडघ्याएवढ्या नव्या फुटव्यांनी भरलाय.

रोपांपैकी १४० मधली ६७ जिवंत. त्यातही काही वरून जळून बुडातून फुटलेली आहेत, शिवण विशेषतः. रिठा एकही नाही.

जानेवारी २०२१ ला बेताप्रमाणे १००० रोपं लावून खुंट झुडूप म्हणून साफ केले असते, तर आज या उतारावर काय उरलं असतं ते मला आकडेमोड न करताही दिसतंय.

१५ जानेवारी २०२३

बेहड्याचं बी हवं होतं आणि आमच्या टापूत फळावरचा बेहडा एकच ठिकाणी आहे, ग्रामदेवतेच्या देवराईत. तिथलं पानही बाहेर न्यायचं नाही असा रिवाज आहे. दादाबरोबर जाऊन गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारलं. त्यांनी देवीला गाऱ्हाणं घातलं आणि मग सांगितलं: खाली पडलेलं न्या, झाडाला हात नको, आणि उगवलेल्या रोपांतली पाच देवीला परत आणून लावा. कुठल्याही करारात इतकी चांगली अट मी वाचलेली नाही.

देवराईतला बेहडा तिघांच्या कवेत मावणार नाही एवढा आहे. वरच्या ढोलीत ककणेराची जोडी घर करते असं गुरव म्हणाले. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर महिनोन्महिने बाहेरून फळं भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला अशी ढोली लागते म्हणजे झाड शंभरीच्या घरातलं हवं. आठ-दहा वर्षांत तोडल्या जाणाऱ्या रानात ककणेर का नाही, याचं उत्तर त्या ढोलीतच आहे. याच तालुक्यात पुण्याची एईआरएफ ही संस्था शेतकऱ्यांशी करार करून खासगी जंगलं राखते आणि बेहडा-हिरड्याच्या फळांना बाजार मिळवून देते. उभं झाड तोडलेल्या झाडापेक्षा जास्त पैसे देऊ शकतं, हे इथल्या लोकांनी त्यामुळे डोळ्यांनी पाहिलंय.

चार किलो फळं आणली. गर काढला, बिया दोन दिवस पाण्यात ठेवल्या.

२८ ऑगस्ट २०२३

जूनमध्ये मान्सून रत्नागिरीपर्यंत येऊन दोन आठवडे अडून बसला, आणि आता हा ऑगस्ट. कोकणात श्रावणात रोपांना हंड्यानं पाणी घालायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पऱ्यातून वर ३० मीटर चढ, दोन बायका आणि मी, दिवसाआड.

यंदा लावलेल्या ६० बेहड्यांपैकी खुंटांच्या सावलीतले बहुतेक टवटवीत आहेत. उघड्यावरच्यांची पानं कडेनं वाळलीत. पाचोळ्याचं जाड आच्छादन जिथे केलं होतं तिथली माती अजून बोटाला गार लागते. पुढची सगळी लागवड जुन्या झाडाच्या पूर्वेला करायची, म्हणजे दुपारचं ऊन त्याच्या अंगावर जाईल.

देवीची पाच रोपं जुलैत लावून आलो. पाचही जगलीत.

११ फेब्रुवारी २०२४

कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचा हिशोब विकणारे, दोघेजण आले होते. ३० वर्षांचा करार, एकरी पैसे, रोपं फुकट. रोपं कुठली? महोगनी, ओळीत, आणि त्यासाठी "ही झुडपं साफ करावी लागतील". झुडपं म्हणजे माझे साडेसहाशे खुंट. व्हेरासारख्या प्रमाणन संस्थांच्या नियमांत, क्रेडिटसाठी आधीच्या दहा वर्षांत मूळची परिसंस्था साफ केलेली नसावी अशी अट आहे. ती त्यांना वाचून दाखवली. चहा घेऊन गेले.

पण त्यांच्यामुळे एक काम झालं, मी स्वतः मोजायला बसले. रीत अवघड नाही. जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर मोजायचा, त्यातून व्यास काढायचा. झाडाची उंची घ्यायची. लाकडाची घनता पुस्तकातून, ऐनाची साधारण ०.७५ धरली. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ सालचं एक सूत्र सगळीकडे वापरतात, त्यात हे तीन आकडे घातले की जमिनीवरच्या झाडाचं कोरडं वजन मिळतं. त्याचा ०.४७ भाग कार्बन. त्याला ३.६७ नं गुणलं की हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड.

ऐनाचा एक चांगला फुटवा, वणव्यातून वाचलेला, सहा वर्षांचा: घेर २२ सेंटीमीटर, उंची ६ मीटर. कोरडं वजन सुमारे १३ किलो, कार्बन डायऑक्साइड साडेबावीस किलो.

पऱ्याकाठचा जुना ऐन, जो ठेकेदाराला त्या बाजूला ट्रक नेता आला नाही म्हणून वाचला: घेर ९४ सेंटीमीटर, उंची १४ मीटर. कोरडं वजन ५१० किलो. कार्बन डायऑक्साइड ८८० किलो.

तीनदा गुणून पाहिलं. एक जुना ऐन म्हणजे असे ३९ फुटवे. आणि मी लावलेली रोपं? त्यातली बहुतेक १.३ मीटरपर्यंत पोचलेलीच नाहीत, त्यांची नोंद शून्य.

दादाला हे सांगितलं तर तो उठून पऱ्याकडे गेला आणि त्या ऐनाला हात लावून आला. मग म्हणाला, खाली असे अजून सात हायत, त्यांना नंबर घाल. ऐन आणि किंजळ दोन्ही १९६४ च्या झाडतोड कायद्यातल्या अनुसूचित झाडांत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कागदावर हे आधीपासून होतं. आज आमच्या घरात ठरलं.

८ डिसेंबर २०२४

दहा चौकोनांची वार्षिक मोजणी, चौथी. खुंट ५७, सगळे जिवंत. सगळ्यात उंच फुटवा किंजळाचा, ७ मीटर.

आज खरी नोंद वेगळी आहे. असाण्याला गेल्या दोन वर्षांपासून फळं धरतायत. मटराएवढी, काळी. त्यावर बुलबुल, तांबट आणि हरियल येतात. या असाण्यांच्या खाली वाकून पाहिलं तर मी न लावलेली रोपं दिसली: जांभूळ ९, उंबर २, आणखी चार-पाच मला न ओळखता येणारी. पक्ष्यांनी आणलेली. चार वर्षांत माणशी मजुरी मोजून मी जेवढं लावलं, त्यातलं काही त्यांनी फुकट आणि योग्य जागी लावलंय. मी खाली बसून राहिले बराच वेळ.

भातकापणी झालीय, गुरं उनाड सुटलीत. उद्या त्या रोपांभोवती काटे घालायचे.

२९ मे २०२५

पाऊस २५ तारखेलाच कोकणात आला. इतक्या लवकर आलेला दादाच्याही आठवणीत नाही. त्याची भाजावळ झालीच नाही, राब ओला पडलाय. मला मात्र हा वर्षाचा सगळ्यात चांगला आठवडा आहे. वणव्याची भीती दोन आठवडे आधीच संपली. यंदा आग आत आली नाही. सड्याकडची रेषा वीस फुटांची होती आणि जानेवारीत शेजारच्या माळाचे मालक स्वतः दोन गडी घेऊन मदतीला आले होते.

पलीकडच्या डोंगराचे हिस्सेदार मुंबईहून येऊन गेले. पायऱ्या ढासळल्यापासून काजू निम्मा गेलाय, उरलेल्या रानाचा ठेका द्यायचा विचार होता. त्यातल्या वहिनींनी विचारलं, रोपं किती लागतील? मी त्यांना दोरी दिली. रविवारी चौकोन आखायला जायचंय. दादा येतो म्हणालाय, कोयता आणि चुन्याची पिशवी त्याच्याकडे.